उशी कोणाच्या हद्दीत

हद्दीवरचं घर, ऑर्मस्टन
१८ जानेवारी १८४१

केझी,

शंभराहून जास्त चाकं, मधल्या तुंब्यापासून बाहेरच्या लोखंडी धावेपर्यंत. धाव लोहाराने चढवली, पण माप माझं. ओझ्याच्या सात गाड्या. स्केल्डनच्या चर्चचं उत्तरेकडचं दार, ज्याची बिजागरी आजवर कुरकुरलेली नाही. ऑर्मस्टनच्या शाळेची बाकं. डॉर्कसच्या वडिलांचा लाकडी पाय, ज्यावर ते माझ्याच लग्नात नाचले. माझ्या आईची शवपेटी आणि तुझ्या आईचीही. आणि अठरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या माळ्यावर भिंतीला धरून बसवलेला एल्मच्या फळ्यांचा पलंग, दोन शिकाऊ पोरांसाठी. हे सगळं मी या हातांनी केलं, कुणाकडे शिकायला न जाता केलं. आणि तू विचारतेस, 'दादा, तो पलंग तुला आठवतो का?'

आठवतो. खिळा न् खिळा आठवतो.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. रूबेनला जाऊन चार महिनेही झाले नाहीत. तुझी पोर मार्था तापाने पडली म्हणून तू हार्लफर्डच्या कारभाऱ्यांकडे मदत मागायला गेलीस, आणि मदत राहिली बाजूला, तुलाच शहराबाहेर काढायचा हुकूम निघाला. पण घाबरू नकोस. शाळामास्तरांकडून कायद्याचं पुस्तक आणून मी अख्खं वाचून काढलंय. गरिबाला पोसायचं ते ज्याच्या त्याच्या हक्काच्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने. विधवेचा पॅरिश तो नवऱ्याचा. आणि नवऱ्याने कुणाकडे शिकाऊ म्हणून उमेदवारी केली असेल, तर उमेदवारीच्या शेवटच्या चाळीस रात्री तो जिथे झोपला, ते त्याचं हक्काचं ठिकाण. रूबेनने उमेदवारी माझ्याकडे केली. इथवर सरळ आहे.

वाकडं आहे ते माझं घर. अर्धं ऑर्मस्टनमध्ये, अर्धं स्केल्डनमध्ये. हार्लफर्डच्या हुकुमात स्केल्डनचं नाव आहे. स्केल्डनवाले म्हणतात, तो झोपायचा ऑर्मस्टनमध्ये, आणि त्यांनी अपील केलंय. एप्रिलच्या न्यायसत्रात निकाल लागेपर्यंत तुला कोणी हलवू शकत नाही. पलंग दोन्ही हद्दींत पडत असेल तर डोकं जिकडे, माणूस तिकडे, असा निवाडा पूर्वीच झालेला आहे.

तुला इकडेच ये म्हटलं असतं. पण घरात आम्ही नऊ माणसं, चुलीपाशी बसायलासुद्धा पाळी लावतो, आणि या थंडीत काम इतकं मंद की मी तंबाखू सोडलीय. तेव्हा मला जे येतं ते करतो. मी मोजतो.

तुझा मामेभाऊ,
जेबेझ ऑरेल

*

हार्लफर्ड
२७ जानेवारी

जेबेझदादा,

तू मोजणार म्हटल्यावर निम्मी काळजी गेली. मार्थाचा ताप उतरला. मोज्यांची शिवण अजून मिळतेय, पण डझनाला जे देतात त्यात दिव्याचं तेलसुद्धा सुटत नाही.

माझी जबानी कशी झाली ते ऐक. कारकून पोरगेलासा, नाकावर शाईचा डाग. म्हणाला, "नवरा कुठे झोपायचा?"

मी म्हटलं, "माझ्या शेजारी."

मागच्या बाकावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. तो लालबुंद झाला. "लग्नाआधी, बाई! लग्नाआधी!"

"अहो, लग्नाआधी कुठे झोपायचा हे बायकोला विचारता होय? त्याच्या मालकाला विचारा."

म्हणून तुझं नाव त्यांच्या कागदावर गेलं. रागावू नकोस.

दादा, ऑर्मस्टन की स्केल्डन, हा तुला मापाचा प्रश्न. मला काय आहे ते सांगते. ऑर्मस्टन अजून जुन्या रीतीने चालतं. विधवेला तिच्या घरी पाव देतात, आठवड्याला थोडे शिलिंग देतात, आणि पोरं तिच्या पदराखाली राहतात. स्केल्डन गरिबांच्या नव्या कायद्याने केलेल्या गावांच्या संघात गेलं. तिथे मदत एकच, वर्कहाउस. आमची शेजारीण सुझाना तिथूनच आली. म्हणते, दारातच कपडे काढून घेतात आणि करड्या कापडाचे देतात. सायलस मुलांच्या अंगणात, मार्था मुलींच्या, मी बायकांच्या, आणि मध्ये भिंती. दिवसभर जुने डांबरी दोर उसवायचे. सुझानाला तिची पोरगी रविवारी प्रार्थनेत दिसायची, पाठमोरी. "मानेवरून ओळखायचे गं," म्हणाली.

मार्था पाच वर्षांची आहे. तिची मान अजून मी नीट पाहिलेलीही नाही, सतत माझ्याकडे तोंड करून असते.

वहिनींना नमस्कार.

केझाया टॅलिस

*

ऑर्मस्टन
९ फेब्रुवारी

केझी,

मोजलं. कसं मोजलं ते लिहितो, म्हणजे मी घाईने काही केलं असं तुला वाटणार नाही.

हद्दीची खूण आमच्या चुलीच्या दगडावर आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पाद्री आणि गावकरी विलोच्या छड्या घेऊन हद्द फिरतात, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आत येतात, या दगडावर छड्या आपटतात, आमची बिअर पितात आणि खिडकीतून बाहेर उड्या मारतात. पोरांनी हद्द विसरू नये म्हणून एका पोराला उलटं धरून त्याचं डोकं दगडावर टेकवायचं, ही रीत. माझ्या लहानपणी ते डोकं माझं होतं, आणि टेकवलं नव्हतं, आपटलं होतं. म्हणून ही खूण कुठे आहे ते मला कोणी सांगायला नको.

माळ्याच्या फळीला भोक पाडून मी ओळंबा सोडला. डॉर्कस म्हणाली, "आता घरात वरूनही वारा येणार." येऊ दे. ओळंबा खुणेवर स्थिर झाल्यावर वर पलंगाच्या कडेने गुण्या लावून रेघ मारली. तीनदा.

केझी, उशीची फळी पश्चिमेला आहे. छातीपर्यंतचा पलंग स्केल्डनमध्ये पडतो. उरलेला, पायांकडचा, ऑर्मस्टनमध्ये.

मला साक्षीला बोलावलं आहे. मी हेच सांगणार. दुसरं काही सांगता येणार नाही. रूबेन चांगला पोरगा होता. माझ्या हाताखाली सात वर्षांत एकदाही उशिरा उठला नाही. अशी शिस्त मी लावली होती. आज त्याच्याच बाबतीत मी बेशिस्त होऊ म्हणतेस?

जेबेझ

*

हार्लफर्ड
१३ फेब्रुवारी

दादा,

एक शब्द. "पूर्वेला" एवढा एक शब्द तुझ्याकडे मागते. तो पलंग तू बांधलास, तू म्हणशील ती त्याची दिशा. कोण येणार आहे तुझ्या माळ्यावर ओळंबा घेऊन?

तुझी रेघ सरळ राहील आणि माझी पोरं दोन अंगणांत. तुला तीनदा मोजायला वेळ मिळाला. रूबेन तुझ्याकडे आला तेव्हा त्याची मूठ आजच्या सायलसएवढी होती, ती कधी मोजली होतीस?

केझाया

*

ऑर्मस्टन
३ मार्च

केझी,

तुझं पत्र डॉर्कसने वाचलं. ती सध्या माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट ठेवते आणि भिंतीला सांगते, "वाढलंय."

तुझ्यासारखंच आणखीही एक जण मला त्या एका शब्दाचं सांगून गेला. त्याला जे उत्तर दिलं तेच तुला. शपथ घेऊन मी माप बदललं, तर माझ्या कुठल्या मापावर कोण विश्वास ठेवील? मग मी गाडी विकायची कशावर? पण माप सोडूनही सांगतो. ज्या दिवशी खोटं बोलीन, त्या दिवसापासून मी कुणालाही खरं सांगू शकणार नाही, तुलाही नाही.

यासोबत चीज आणि पोरांसाठी मोजे पाठवतो. मोजे डॉर्कसने विणले. माझ्याशी न बोलता.

मला दुसरा काही मार्ग दिसत नाही. तुला दिसत असेल, तर लिही. मी ऐकीन.

जेबेझ

*

हार्लफर्ड
१४ मार्च

दादा,

"मी ऐकीन" असं तू जन्मात पहिल्यांदा लिहिलंस. म्हणून लिहिते. वाचून झाल्यावर पत्र चुलीत घातलंस तरी चालेल.

तू उशी मोजलीस. रूबेनचं डोकं त्या उशीवर नसायचंच.

त्या पलंगावर दोघं झोपायचे, रूबेन आणि इनॉक ब्रूम. तुझ्या मनात दोघांची डोकी तुझ्या त्या सुबक फळीकडे. पण दोन वाढती पोरं एका बाजूला खांदे करून मावतात का? एकाचं डोकं इकडे, एकाचं तिकडे. इनॉक उशीकडे. रूबेन पायांकडे, खिडकीच्या कडेला. इनॉकने जागा बदलायला सांगितली तरी तो हलला नाही.

कारण ती खिडकी पूर्वेला आहे, आणि समोर तेव्हा डेंटन यांचा गोठा होता. मी त्या गोठ्यात गाई पिळायला होते हे तुला आठवत असेलच, तूच लावून दिलं होतंस. पहाटे मी कंदील घेऊन यायचे. माळ्याच्या खिडकीत एक विस्कटलेलं डोकं वर यायचं. मी कंदील एकदा खाली-वर करायचे. तो हात करायचा. बस्स, एवढंच. चार वर्षं एवढंच, आणि उमेदवारी संपेपर्यंत एकही सकाळ चुकली नाही.

तुझी शिस्त म्हणतोस ना, ती ही.

आधी का नाही सांगितलं म्हणशील. उमेदवारीच्या करारात लिहिलेलं होतं, पोराने कुणा मुलीकडे बघायचं नाही, आणि तू साऱ्या गावाला सांगत फिरायचास, "माझी पोरं करवतीपलीकडे काही बघत नाहीत." रूबेन म्हणायचा, दादांचा हा अभिमान आपण मोडायचा नाही. त्याला दिलेला शब्द मी त्याच्यामागेही पाळत होते. आणि भीतीही वाटली. दहा पुरुषांपुढे उभं राहून नवऱ्याचं डोकं कुठे असायचं हे मला कसं ठाऊक, ते सांगायचं? ते काय समजतील, तुला माहीत आहे.

तुला राग येईल. येऊ दे. पण आधी इनॉककडे जा.

केझी

*

ऑर्मस्टन
२२ मार्च

केझी,

माझ्या छताखाली! चार वर्षं! माझ्या मेणबत्त्या मी मोजून द्यायचो, रंध्याची पाती मोजून द्यायचो, आणि खिडकीतून हे चाललं होतं! मी पत्र वाचलं, उठलो, अंगणात गेलो, परत आलो, पुन्हा वाचलं. डॉर्कसने हातातून घेऊन वाचलं आणि एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, "अहो, मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. गाईंनासुद्धा." तीन आठवड्यांनी ती माझ्याशी बोलली ती ही अशी.

दुसऱ्या दिवशी चालत इनॉककडे गेलो. त्याचं आता लोहारांच्या गल्लीत स्वतःचं दुकान आहे, भाडं भरतो, पोट सुटलंय. मी विचारलं, "इनॉक, माझ्याकडे असताना तू कोणत्या बाजूला डोकं करून झोपायचास?"

"उशीकडे, मालक."

"आणि रूबेन?"

"त्याचे पाय माझ्या तोंडापाशी. मालक, सात वर्षं ते पाय हुंगत मी झोपलोय. माझ्या बायकोचे पाय अंधारात ओळखणार नाही, पण रूबेनचे ओळखीन. उजव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं होतं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटच्या सकाळपर्यंत. खिडकी सोडायला सांगितली तर म्हणायचा, इनॉक, तू झोप, मला काम आहे."

"आणि हे मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी वर आलात का, मालक? तुम्ही खालून काठीने छत ठोकायचात. आणि तुम्ही पलंगाबद्दल इतकं बोलायचात की आम्हाला बोलायला जागा उरायची नाही."

रस्ताभर विचार करत आलो. मी ओळंबा लावला, गुण्या लावला, भोक पाडलं. झोपणारा कसा झोपतो हे विचारलं नाही. फळी मला विचारायला सोपी वाटली, कारण ती उलट बोलत नाही.

इनॉक साक्षीला येतो. तू येऊ नकोस. मार्थाला एवढा प्रवास नको, आणि त्या दहा पुरुषांपुढे तुला उभं राहावं लागू नये. जे सांगायचं ते मी सांगेन.

जेबेझ

*

ऑर्मस्टन
८ एप्रिल

केझी,

स्केल्डनचं अपील मान्य झालं. आधी हे वाच, मग बस, मग पुढचं वाच.

हॉल गच्च भरला होता. माझी साक्ष आधी. पलंगाचं माप सांगितलं, हद्द सांगितली, उशी स्केल्डनमध्ये हेही सांगितलं. हार्लफर्डचा वकील खूश. मग इनॉक उभा राहिला. पायांचं सगळं सांगितलं, नखासकट. लोक हसले. वकील म्हणाला, "शहाणा पोरगा उशी सोडून उलटा का झोपेल? कारण काय?"

इनॉक माझ्याकडे बघायला लागला. त्याने तुला वचन दिलंय की तो तुझं नाव घेणार नाही, हे मला तेव्हा कळलं. बघ, तू त्यालाही लिहिलं होतंस, आणि मला सांगितलं नाहीस.

मी उठलो. न्यायाधीश म्हणाले, "तुमची साक्ष झाली आहे." मी म्हटलं, "महाराज, माझी साक्ष अपुरी झाली आहे. मी आयुष्यात अपुरं काम दिलेलं नाही." त्यांनी बोलू दिलं.

मी म्हणालो, "कारण असं, की खिडकीसमोरच्या गोठ्यात माझी आतेबहीण पहाटे कंदील घेऊन यायची, आणि हा पोरगा तो कंदील बघायला उठायचा. पुढे त्याने तिच्याशी चर्चमध्ये लग्न केलं. चार वर्षं माझ्या घरात हे चाललं आणि मला कळलं नाही. माझी पोरं वेळेवर उठतात म्हणून मी गावभर फुशारकी मारली. ती शिस्त माझी नव्हती, तिच्या कंदिलाची होती."

हॉल हसला. खूप हसला. मी हसू संपेपर्यंत उभा राहिलो. मग थोरले न्यायाधीश, पांढऱ्या केसांचे, म्हणाले, "खोटं सांगणारा माणूस स्वतःचं असं हसू करून घेत नाही." दोन मिनिटं आपसांत बोलले आणि निकाल दिला. डोकं ऑर्मस्टनमध्ये, म्हणून रूबेन ऑर्मस्टनचा, तू ऑर्मस्टनची, पोरं ऑर्मस्टनची.

बाहेर पायऱ्यांवर तीन माणसांनी मला थांबवून विचारलं, "मिस्टर ऑरेल, गोठा अजून आहे का?" मी म्हटलं, नाही, आता तिथे सलगमाचं शेत आहे.

जेबेझ

*

हार्लफर्ड
२ मे

दादा,

ऑर्मस्टनने मुकाट्याने मान्य केलं. नव्या हुकुमात त्यांचं नाव आलं आणि त्यांनी अपील केलं नाही. कारभाऱ्यांचं पत्र आलंय: चर्चमागच्या झोपड्यांतली एक खोली, आठवड्याला चार पाव आणि तीन शिलिंग, पोरं मोठी होईपर्यंत. तुझ्या घरातून दिसेल इतकी जवळ. मोज्यांच्या शिवणीचं काम देणारी इथली बाई ते तिकडे पाठवायला तयार आहे. सायलसला शाळेत तू केलेल्या बाकावर बसायचंय म्हणे, मी त्याला सांगितलंय की त्यावर कोरलंस तर मामा कान उपटेल. बारा तारखेला, बुधवारी, मालाच्या गाडीने निघतो.

तुझं पत्र सात वेळा वाचलं. त्या हॉलमध्ये तू उभा राहिलास, हे रूबेनने बघायला हवं होतं. तो म्हणाला असता, 'दादांचा अभिमान काही मोडला नाही, जागा बदलून बसला.'

फेब्रुवारीतल्या त्या पत्रात मी तुला नको ते बोलले. माफ कर.

आता एक विचारते. इनॉकने लिहिलंय की तुझ्या दारात मिस्टर स्टॅव्हली यांची बग्गी उभी होती, स्केल्डनचे ते संघाचे गृहस्थ. एकदा फेब्रुवारीत, आणि एकदा निकालानंतर. इनॉक म्हणतो, दोन्ही वेळा ते रागाने निघाले. त्यांना काय हवं होतं? माझ्यामुळे तुझं काही बिनसलं का?

केझी

*

ऑर्मस्टन
५ मे

केझी,

तुझ्या खोलीचं दार मी कालच बसवलं. जुनं खाली घासत होतं. चुलीपाशी एक फळीही ठोकलीय. पलंग मात्र केलेला नाही. तू आलीस की तुम्ही तिघं कसे झोपता ते विचारून करीन.

बग्गीचं सांगणार नव्हतो, पण इनॉकचं तोंड आहे तोवर काही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्टॅव्हली पहिल्यांदा आले ते तुझ्या रागाच्या पत्राच्या आदल्या दिवशी. तुला पोसण्याचा खर्च स्केल्डनच्या गरीबपट्टीवर, म्हणजे गरिबांसाठी गोळा करतात त्या करावर, नको होता त्यांना. कडेला ठेवलेला तुंबा छडीने टोचत म्हणाले, "ऑरेल, उशी पूर्वेला होती एवढं म्हणा. तुमची बहीण सुटेल, आम्हीही सुटू, आणि संघ तुम्हाला विसरणार नाही." त्या दिवशी ते मला खोटं वाटत होतं. मी नाही म्हणालो. दुसऱ्याच दिवशी तुझ्या पत्रातही तोच शब्द होता. त्या रात्री माझं जेवण झालं नाही, हे डॉर्कसला विचार.

निकालानंतर ते हसत आले. "आता तर खरंच निघालं की हो! आता तुम्हाला संघाचं काम घ्यायला काय हरकत आहे?" खिशातून नकाशा काढून माझ्या बाकावर पसरला. सुबक काढलेला होता, ते मान्य करतो. पलंग इतके अरुंद की माणसाने कूस बदलली तर शेजारचा जागा होईल. आणि अंगणा-अंगणांच्या मध्ये दारं, एकाच बाजूने उघडणारी.

मी म्हटलं, "साहेब, हे मी घेतलं तर उद्या अख्खा परगणा म्हणेल की इनॉकचे पाय तुम्ही विकत घेतले. आणि लोक तसं म्हणाले की माझ्या बहिणीच्या खोलीचा हक्क पुन्हा डळमळेल. शिवाय ही दारं. ही दारं माझ्या हातून नीट होणार नाहीत. मी आजवर वाईट दार केलेलं नाही."

ते म्हणाले, "वेडे आहात." नकाशा गुंडाळून गेले.

डॉर्कसला हे तुझं पत्र आल्यावरच सांगितलं. ती पिठाच्या पेटीवर बसली. मग म्हणाली, "बरं केलंत. पण या महिन्यात चहात साखर मागू नका." मग बुधवारी तुमच्यासाठी काय शिजवायचं ते ठरवायला लागली. ससा मिळाला तर ससा, नाहीतर वाटाण्याचं सूप.

तू विचारलंस म्हणून नेमकं लिहून ठेवतो. नाकारलं ते काम असं: स्केल्डन संघाच्या नव्या वर्कहाउसचे दीडशे पलंग आणि अंगणांमधली सहा दारं, लाकूड त्यांचं, मजुरी माझी, एक वर्षाची मुदत. रक्कम एकशे चाळीस पौंड.

जेबेझ ऑरेल